विष्णू नारायण भातखंडे

पंडित विष्णू नारायण भातखंडे (जन्म : वाळकेश्वर, मुंबई, १० ऑगस्ट १८६०, मृत्यू : मुंबई, १९ सप्टेंबर १९३६) हे हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रकार, संग्राहक, ग्रंथकार आणि संगीतशिक्षणाचे संघटक होते. व्यवसायाने ते वकील होते. घराण्यांच्या मौखिक परंपरेत जपलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, त्यांचे संपादन केले आणि त्या क्रमिक पुस्तकांच्या रूपाने छापून सर्वांसाठी खुल्या केल्या. देवनागरी अक्षरांवर आधारलेली त्यांची स्वरलेखनपद्धती ‘भातखंडे पद्धती’ या नावाने ओळखली जाते. हिंदुस्थानी संगीताच्या शिक्षणात ती आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धती आहे. रागांचे दहा थाटांत केलेले वर्गीकरणही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे.

बालपण आणि शिक्षण

भातखंडे यांचा जन्म गोकुळाष्टमीच्या दिवशी मुंबईतील वाळकेश्वर येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील नारायणराव हे एका धनिकाकडे नोकरीस होते. घरात संगीताची आवड होती, परंतु संगीत हा व्यवसाय करण्याजोगा विषय आहे असे त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबांत मानले जात नसे. शालेय वयात विष्णू बासरी वाजवू लागले. पुढे त्यांनी वल्लभदास दामूलजी या अंध सतारवादकाकडे सतारीचे शिक्षण घेतले. हे शिक्षण कॉलेजचा अभ्यास सांभाळून, बऱ्याच अंशी घरच्यांच्या नकळत चालले होते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते १८८५ मध्ये बी.ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी एल्‌एल.बी. ही पदवी मिळवली. कायद्याच्या अभ्यासाचा त्यांच्या संगीतविषयक कामावर कायमचा ठसा उमटला. एखाद्या रागाविषयी विधान करण्यापूर्वी पुरावा गोळा करणे, साक्षी तपासणे, परस्परविरोधी म्हणणी शेजारी ठेवणे आणि मगच निर्णय देणे, ही त्यांची रीत वकिलाची होती.

गायन उत्तेजक मंडळी

१८८४ मध्ये भातखंडे ‘गायन उत्तेजक मंडळी’ या मुंबईतील संस्थेचे सदस्य झाले. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेली ही संस्था प्रामुख्याने पारशी संगीतप्रेमींची होती. तेथे नामवंत कलावंतांचे गायन-वादन होत असे आणि सदस्यांना शिकण्याचीही सोय होती. याच ठिकाणी भातखंडे यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदाची आणि अली हुसेन खाँ व विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्यालाची तालीम मिळाली. काही वर्षांत त्यांच्या संग्रही शेकडो धृपदे व ख्याल जमा झाले. पुढे ते स्वतः मंडळीत विनावेतन शिकवू लागले.

त्यांना पडलेल्या मूळ प्रश्नाचे बीज या काळात दिसते. एकच राग दोन गुरूंकडून शिकताना दोघांच्या सांगण्यात भेद असे. एकच चीज दोन गायकांकडे वेगवेगळ्या शब्दांत आणि वेगवेगळ्या चालीत आढळे. ग्रंथांत असलेली रागलक्षणे प्रत्यक्ष गायनाशी जुळत नसत. यांपैकी काय प्रमाण मानायचे, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती नव्हते.

वकिली आणि कौटुंबिक जीवन

पदवीनंतर भातखंडे यांनी काही काळ कराची येथे वकिली केली व नंतर ते मुंबईस परतले. १९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या एक मुलीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. १९१० च्या सुमारास त्यांनी वकिली पूर्णपणे सोडली आणि उर्वरित आयुष्य संगीताच्या अभ्यासाला वाहिले.

प्रवास

आपल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी भातखंडे यांनी देशभर प्रवास केला. प्रत्येक प्रवासाची त्यांनी तपशीलवार टिपणे ठेवली. कोणास भेटलो, कोणते प्रश्न विचारले, काय उत्तर मिळाले आणि कोणती पोथी पाहिली, याच्या नोंदी त्यांत आहेत.

१९०४ मध्ये ते दक्षिण भारतात गेले. मद्रास, तंजावर, मदुरा अशा ठिकाणी त्यांनी विद्वानांच्या भेटी घेतल्या आणि ग्रंथालये पाहिली. एट्टयपुरम येथे त्यांची सुब्बराम दीक्षितर यांच्याशी भेट झाली. मुथुस्वामी दीक्षितर यांच्या परंपरेतील रचना स्वरलिपीसह देणारा दीक्षितर यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ त्याच वर्षी एट्टयपुरमच्या छापखान्यात छापून झाला होता. गमकांसाठी खास चिन्हे योजून एका संपूर्ण परंपरेचे भांडार मुद्रित करता येते, याचा हा समकालीन दाखला होता. व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाच्या हस्तलिखिताची प्रतही भातखंडे यांना दक्षिणेच्या या संपर्कातून मिळाली. त्यातील ७२ मेळांच्या रचनेने त्यांच्या वर्गीकरणाला दिशा दिली.

१९०७ मध्ये त्यांनी नागपूर, हैदराबाद, विजयानगरम आणि कलकत्ता असा प्रवास केला. कलकत्त्यात राजा सौरींद्रमोहन टागोर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. १९०८ मध्ये ते अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदयपूर या भागांत फिरले. ग्रंथ सांगणारे गात नाहीत आणि गाणारे ग्रंथ वाचत नाहीत, असा अनुभव त्यांना बहुतेक ठिकाणी आला. त्यामुळे प्रचारातील गायन हेच प्रमाण धरून शास्त्र नव्याने लिहिले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले.

बंदिशींचे संकलन

प्रचारातील गायन प्रमाण धरायचे तर ते आधी कागदावर आले पाहिजे. हे काम सोपे नव्हते. घराण्यातील गायकांच्या दृष्टीने बंदिश ही वंशपरंपरागत मालमत्ता होती. ती मुलाला, जावयाला किंवा गंडा बांधलेल्या शिष्यालाच मिळे, आणि तीही वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर. लिहून घेतलेली चीज परक्याच्या हाती गेली की तिचे मोल संपले, ही भीती निराधार नव्हती. कारण दरबारातील मान आणि उपजीविका याच संग्रहावर अवलंबून होती.

भातखंडे यांनी हा अडसर वेगवेगळ्या मार्गांनी दूर केला. काही गायकांकडे त्यांनी रीतसर शिष्यत्व पत्करले, काहींना मोबदला दिला, तर काहींचे मन संस्थानिकांच्या मध्यस्थीने वळवले. जयपूरच्या मनरंग परंपरेतील मोहम्मद अली खाँ कोठीवाल यांच्या घरच्या चिजा त्यांना मोहम्मद अलींकडून व त्यांचे पुत्र आशक अली खाँ यांच्याकडून मिळाल्या. या कामात त्यांनी फोनोग्राफचाही उपयोग केला. बंदिश आधी ध्वनिमुद्रित करावयाची आणि मग पुनःपुन्हा ऐकून स्वरलिपीत उतरवावयाची, ही पद्धत त्या काळी भारतात नवी होती.

रामपूर संस्थानात नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी स्वीकारले. बीनकार वझीर खाँ आणि छम्मन साहेब या नावाने प्रसिद्ध असलेले सआदत अली खाँ यांच्याशी झालेल्या चर्चेतून त्यांना सेनिया परंपरेतील धृपदांचा परिचय झाला. ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर अशा निरनिराळ्या परंपरांतील रचना अशा रीतीने प्रथमच एका संग्रहात आल्या.

स्वरलेखनपद्धती

भारतीय संगीतासाठी स्वरलिपी तयार करणारे भातखंडे हे पहिले नव्हते. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी दंडमात्रिक पद्धती आणि ज्योतिरिंद्रनाथ टागोर यांनी आकारमात्रिक पद्धती रूढ केली होती. बडोद्यात मौलाबक्ष यांनी आपल्या गायनशाळेसाठी स्वतंत्र लेखनपद्धती वापरली होती. समकालीन विष्णू दिगंबर पलुसकर यांची पद्धती त्यांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकवली जात होती आणि तिची पुस्तके विद्यालयाच्याच छापखान्यात छापली जात. युरोपीय पाच रेघांची पद्धती भारतीय संगीताला लावावी, असे मानणाराही एक वर्ग होता.

या सर्वांच्या तुलनेत भातखंडे पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे चिन्हांची काटकसर. स्वरांसाठी त्यांनी सा, रे, ग, म, प, ध, नि ही नेहमीची अक्षरेच घेतली आणि त्यांच्या खाली-वर मोजक्याच खुणा योजल्या.

- शुद्ध स्वराला कोणतेही चिन्ह नाही.
- कोमल स्वराच्या (रे, ग, ध, नि) खाली आडवी रेघ.
- तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ.
- मंद्र सप्तकातील स्वराखाली बिंदू, तार सप्तकातील स्वरावर बिंदू. मध्य सप्तकाला चिन्ह नाही.
- एका मात्रेत एकाहून अधिक स्वर असल्यास ते एकत्र लिहून त्यांच्याखाली कंस.
- स्वर लांबवायचा असल्यास त्यापुढे आडवी रेघ, शब्दातील अक्षर लांबवायचे असल्यास अवग्रह.
- एका स्वरावरून दुसऱ्या स्वरापर्यंतची मींड दाखवण्यासाठी स्वरांवर कंस.
- कणस्वर मुख्य स्वराच्या डाव्या खांद्यावर बारीक अक्षरात.
- कंसात लिहिलेला स्वर म्हणजे वरचा स्वर, मूळ स्वर, खालचा स्वर आणि पुन्हा मूळ स्वर असा जलद समूह.
- समेसाठी ×, खालीसाठी ०, उरलेल्या टाळ्यांसाठी २, ३, ४ असे अंक. विभाग उभ्या रेघेने वेगळे केलेले.

पान तीन ओळींच्या समूहांत मांडले जाते. वरच्या ओळीत स्वर, तिच्याखाली बंदिशीचे शब्द आणि सर्वांत खाली तालाच्या खुणा असतात. त्रितालातील १६ मात्रा चार-चार मात्रांच्या चार विभागांत लिहिल्या की पहिल्या मात्रेखाली ×, पाचवीखाली २, नववीखाली ० आणि तेराव्या मात्रेखाली ३ येतो. बंदिश नवव्या मात्रेपासून सुरू होत असेल, तर पानाची मांडणीही तेथूनच होते. त्यामुळे मुखडा समेवर कसा येतो, हे वाचकाला डोळ्यांनी दिसते.

ही पद्धती षड्ज कोणत्याही पट्टीत धरण्याची मोकळीक देते. पाच रेघांच्या लेखनात प्रत्येक चिन्ह ठरावीक उंचीचा स्वर दाखवते. भातखंडे पद्धतीत मात्र ‘सा’ म्हणजे गायकाने निवडलेला ‘सा’. आलाप, ताना आणि बढत यांचे लेखन त्यांनी मर्यादित ठेवले. स्थायी व अंतरा यांचा सांगाडा पानावर द्यावा आणि विस्तार गुरुमुखातून व गायकाच्या बुद्धीतून यावा, अशी त्यामागील विभागणी होती.

संपादन आणि मुद्रण

संग्रहातील बंदिशी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या मालिकेत प्रसिद्ध झाल्या. मालिकेत सर्व मिळून १,८०० हून अधिक रचना आहेत. मालिकेचे प्रकाशन भातखंडे यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये पूर्ण झाले. सहकारी व शिष्य भालचंद्र सीताराम सुखठणकर यांनी त्यांच्या अनेक पुस्तकांच्या प्रकाशनाची जबाबदारी उचलली होती.

‘क्रमिक’ या शब्दाप्रमाणे मालिका अभ्यासाच्या क्रमाने रचलेली आहे. आरंभी स्वरांची व तालांची ओळख आणि सोप्या सरगमी आहेत. दुसऱ्या भागात दहा थाटांचे दहा आश्रयराग आहेत आणि पुढील भागांत प्रसिद्ध रागांकडून अप्रसिद्ध रागांकडे वाटचाल आहे. प्रत्येक रागाच्या आरंभी त्याचा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि गानसमय दिलेला असतो. त्यानंतर सरगम, लक्षणगीत, ख्याल, धृपद, धमार, तराणा असे प्रकार येतात. लक्षणगीत हा भातखंडे यांचा आवडता रचनाप्रकार होता. गीताच्या शब्दांतच रागाची लक्षणे गुंफलेली असल्यामुळे विद्यार्थ्याला राग आणि त्याचे व्याकरण एकाच वेळी पाठ होई. अशा अनेक गीतांत त्यांनी ‘चतुर’ ही नाममुद्रा वापरली आहे.

एकाच बंदिशीची अनेक रूपे हाती आल्यावर संपादक म्हणून त्यांना निवड करावी लागली. ब्रज, पंजाबी, फारसी अशा भाषांतील शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या उच्चारात झिजून अनोळखी झालेले असत. कोठे अर्थ लागेल असा पाठ स्वीकारायचा आणि कोठे गायकाच्या तोंडचा शब्द तसाच ठेवायचा, हा प्रश्न पानोपानी होता. रागाच्या बाबतीतही ज्या रूपाला अधिक परंपरांचा आधार मिळे त्यास अग्रक्रम देऊन, मतभेद स्वतंत्र ग्रंथात नोंदवण्याचा मार्ग त्यांनी अवलंबला.

चिन्हांची काटकसर मुद्रणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरली. त्या काळी प्रत्येक अक्षराचा धातूचा खिळा जुळाऱ्याला हाताने जुळवावा लागे. नवी चिन्हे म्हणजे नवे खिळे ओतणे आणि त्यांचा वापर जुळाऱ्याला शिकवणे. नेहमीची देवनागरी अक्षरे, बिंदू, रेघ आणि कंस एवढ्यावर भागणारी स्वरलिपी सामान्य छापखान्यालाही पेलणारी होती. तरीही काम किचकटच होते. खालचा बिंदू एका अक्षराने सरकला तर सप्तक बदले, रेघ राहून गेली तर कोमल स्वर शुद्ध होई आणि पर्यायाने राग बदले. मजकुरातील मुद्रणदोष वाचक संदर्भाने सुधारून घेतो. स्वरलिपीतील दोष मात्र नवशिक्या विद्यार्थ्याच्या गळ्यात उतरण्याचा धोका असतो.

शास्त्रग्रंथ आणि थाटपद्धती

‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ १९१० च्या सुमारास ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावातील ‘लक्ष्य’ म्हणजे प्रचारातील प्रत्यक्ष संगीत. त्याचे विवरण करणारा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठी ग्रंथ चार भागांत निघाला. पहिला भाग १९१० मध्ये व चौथा १९३२ मध्ये प्रकाशित झाला. गुरु-शिष्य संवादाच्या रूपात लिहिलेल्या या ग्रंथात प्रत्येक रागाविषयीची प्राचीन व अर्वाचीन मते तपासलेली आहेत. मराठीतील संगीतशास्त्रीय गद्याचा हा एक आधारग्रंथ मानला जातो.

बिलावल हा शुद्ध स्वरांचा सप्तक मानून त्यांनी प्रचारातील राग पुढील दहा थाटांत विभागले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. दक्षिणेतील ७२ मेळांऐवजी दहाच थाट घेतल्याने अभ्यासक्रम सुटसुटीत झाला, परंतु काही राग या चौकटीत नीट बसत नाहीत, हेही पुढे दिसून आले.

संगीत परिषदा

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये बडोदा येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे प्रमुख संयोजक होते. उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा आढावा घेणारा इंग्रजी निबंध त्यांनी येथे वाचला. संपूर्ण देशासाठी एकच स्वरलिपी असावी का, श्रुतींची निश्चिती कशी करावी आणि रागांची रूपे कशी ठरवावीत, हे परिषदेपुढील विषय होते. गायक आणि पंडित प्रथमच एका व्यासपीठावर आले, मात्र श्रुतींच्या व स्वरलिपीच्या प्रश्नावर एकमत होऊ शकले नाही. पुढील परिषदा १९१८ मध्ये दिल्ली, १९१९ मध्ये बनारस आणि १९२४ व १९२५ मध्ये लखनौ येथे झाल्या. राष्ट्रीय संगीत अकादमी स्थापन करण्याची त्यांची कल्पना या परिषदांतून पुढे आली, परंतु त्यांच्या हयातीत ती प्रत्यक्षात आली नाही.

शिक्षणसंस्था

बडोदा संस्थानातील संगीत विद्यालयाच्या पुनर्रचनेत भातखंडे यांनी मार्गदर्शन केले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्या दरबारातील काही गायकांना मुंबईस पाठवून भातखंडे यांच्याकडून स्वरलिपी व अध्यापनाची पद्धत शिकवून आणली. राजाभैया पूछवाले हे त्यांपैकी एक होत. त्यानंतर १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. ग्वाल्हेर ही ख्यालगायनाची गंगोत्री मानली जात असल्याने तेथील गायकांनी स्वरलिपीचा स्वीकार करणे ही मोठी घटना होती.

१९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक ही संस्था स्थापन झाली. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांचा तिच्या स्थापनेत मोठा वाटा होता, आणि प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव तिला देण्यात आले. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ही संस्था नावारूपाला आणली. वर्ग, तासिका, ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या चौकटीत संगीताचे शिक्षण देण्याचा हा सर्वांत यशस्वी प्रयोग होता. क्रमिक पुस्तके त्याचा कणा होती.

टीका

भातखंडे यांच्या कार्यावर त्यांच्या हयातीपासून आजवर टीका होत आली आहे. पंडित ओंकारनाथ ठाकूर आणि आचार्य बृहस्पती यांनी त्यांच्या शास्त्रीय मांडणीतील, विशेषतः थाट आणि प्राचीन ग्रंथांचा अर्थ या विषयांतील, निष्कर्षांना विरोध केला. स्वरलिपीत आंदोलन, श्रुतिभेद आणि स्वरांचा लगाव उतरत नसल्यामुळे केवळ पुस्तकावरून गाणारा विद्यार्थी रागाच्या आत्म्याला पोहोचत नाही, हा आक्षेप घराण्यांतील गायकांनी वारंवार घेतला. संस्थांतून शिक्षक अधिक आणि मैफलीचे कलावंत थोडे निर्माण झाले, हेही एक निरीक्षण आहे. इतिहासकार जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथात भातखंडे व पलुसकर यांच्या कार्याची चिकित्सा करून मुस्लीम उस्तादांविषयीच्या भातखंडे यांच्या दृष्टिकोनाचीही चर्चा केली आहे. उस्तादांच्या अशास्त्रीयतेवर टीका करणाऱ्या भातखंडे यांनी संग्रहाचा मोठा भाग त्याच उस्तादांकडून मिळवला होता, ही विसंगती अभ्यासकांनी नोंदवली आहे.

दुसरीकडे, त्यांनी लिहून ठेवलेल्या अनेक रचना ज्या गायकांकडे होत्या त्यांच्या परंपरा पुढे क्षीण झाल्या. संस्थानांचा आश्रय संपल्यानंतर या बंदिशी टिकल्या त्या बऱ्याच अंशी छापील पानांमुळे. स्वरलिपीच्या मर्यादा मान्य करणारे गायकही अप्रसिद्ध रागाच्या जुन्या बंदिशीसाठी क्रमिक पुस्तकांकडेच वळतात.

अखेरची वर्षे

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणास खिळले. तीन वर्षांच्या आजारपणानंतर १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

संगणकयुगातील भातखंडे स्वरलिपी

क्रमिक पुस्तकांची हिंदी आवृत्ती हाथरसच्या संगीत कार्यालयाने प्रसिद्ध केल्यामुळे ही स्वरलिपी हिंदी प्रदेशात सर्वत्र पोहोचली. खिळ्यांच्या जुळवणीची जागा संगणकाने घेतल्यानंतर तिच्यापुढे निराळ्या अडचणी उभ्या राहिल्या. फिनाले, सिबेलियस, म्यूझस्कोर, लिलीपाँड यांसारखी संगीतलेखनाची सॉफ्टवेअरे मूलतः पाच रेघांच्या लेखनासाठी घडवलेली आहेत. त्यांत बंदिश भरायची तर षड्ज आधी एखाद्या ठरावीक पट्टीत बसवावा लागतो, आणि सम-खालीची मांडणी पाश्चात्त्य लेखनातील विभागांत बसवावी लागते.

दुसरा मार्ग मजकुराचा आहे. युनिकोडमधील देवनागरीत या स्वरलिपीसाठी वेगळी चिन्हे नसली तरी उपलब्ध चिन्हांतून बरेच काही साधता येते. तार सप्तकासाठी अनुस्वार (सां, रें), मंद्र सप्तकासाठी नुक्ता (ध़, प़), कोमल स्वरासाठी वैदिक स्वरांची आडवी रेघ (ग॒, ध॒) आणि तीव्र मध्यमासाठी उभी रेघ (म॑) वापरण्याचा प्रघात आहे. मात्र येथे चिन्हाचे रूप तेवढे उसने घेतलेले असते. संगणकाच्या दृष्टीने तार गंधार म्हणजे अनुस्वारयुक्त ‘ग’, त्यामुळे शोध, वर्णक्रम किंवा स्वर वाजवून दाखवणे यांसाठी असा मजकूर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. एका मात्रेतील स्वरांखालचा कंस, मींडेचा कंस आणि खांद्यावरचा कणस्वर हे साध्या मजकुरात उतरत नाहीत. त्यांसाठी खास फाँट किंवा मांडणीच्या सोयी लागतात. मात्रा उभ्या रांगेत राहाव्यात म्हणून बहुतेक शिक्षक शब्दप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधील तक्त्यात प्रत्येक मात्रेला एक चौकट देऊन बंदिश लिहितात.

बिंदू किंवा रेघ चुकली तर राग बदलतो, ही जुळाऱ्याच्या काळातील अडचण संगणकावरही कायम आहे. एका संगणकावर नीट दिसणारे पान फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर विस्कटते. म्हणूनच तयार पान पीडीएफ स्वरूपात देण्याची आणि छपाईपूर्वी ते गाऊन तपासण्याची रीत अनेक शिक्षक पाळतात.

ग्रंथसंपदा

- श्रीमल्लक्ष्यसंगीतम् (संस्कृत)
- अभिनवरागमंजरी (संस्कृत)
- अभिनवतालमंजरी (संस्कृत)
- हिंदुस्थानी संगीत पद्धती, भाग १ ते ४ (मराठी)
- हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तक मालिका, भाग १ ते ६
- स्वरमालिका
- गीतमालिका
- उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावरील आणि १५व्या ते १८व्या शतकांतील संगीतपद्धतींच्या तुलनेवरील इंग्रजी निबंध

सन्मान आणि स्मृती

भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये भातखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. लखनौच्या मॅरिस कॉलेजला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. २००० मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचे रूपांतर भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या राज्य विद्यापीठात झाले.